विहिरीच्या वळणावरची बाई

प्रिय तेजल,

तुझा निरोप मिळाला. शुक्रवारपर्यंत स्वयंसेवकांच्या नावांची यादी हवी, रविवारी तू प्लास्टरमधला हात घेऊन सगळ्यांना जेवायला बोलावणार आणि एकेकाचं नाव घेऊन आभार मानणार. शेवटी लिहिलंयस, ‘त्या वळणावरच्या बाईला मात्र सोडून.’ हे वाचल्यापासून तीनदा यादी करायला बसले आणि तीनदा उठले. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? शाळेपासून तुझं तेच. म्हणून कागद घेतला. इथे तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

शेवटच्या फेरीतलं तुला काहीच आठवत नाही म्हणे. बरंच आहे. पण तू तिकडे बेशुद्ध पडलेली असताना इकडे काय चाललं होतं, ते तुला कुणीतरी सांगायला हवं. साठ किलोमीटरची घोड्यांची शर्यत म्हणजे काय, हे मला तरी कुठे माहीत होतं? मला घोड्याची भीती वाटते हे तुला ठाऊक असूनही, ‘तू दिंडोरीची, तुलाच हे काम जमेल’ असं म्हणून मला गळ घातलीस. दोन कामं माझ्या गळ्यात पडली. आदल्या दिवशी तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीच्या वाटेवर रिबिनी बांधायच्या, आणि शर्यतीच्या दिवशी पाटाच्या पुलाजवळ टेबल टाकून येणाऱ्या प्रत्येक घोड्याचा नंबर आणि वेळ लिहायची.

माणसं कमी पडत होती म्हणून आमच्या बागेत कामाला येणाऱ्या चिमणाबाईला मीच विहिरीच्या वळणावर उभं केलं. ती पेठकडची. चार हंगाम झाले, द्राक्षाच्या वेळी येते. हातात लाल झेंडा, येईल त्याला डावीकडे पाठवायचं, आणि शेवटच्या घोड्याची नोंद झाल्यावर मोटारसायकल तिला न्यायला येईपर्यंत हलायचं नाही, एवढंच तिचं काम. तिने ते मला दोनदा म्हणून दाखवलं. सकाळी सहालाच तिथे जाऊन उभी राहिली, तिसरी फेरी अकराला सुरू होणार होती तरी.

दोन फेऱ्या तुझ्या छान झाल्या. गुरांच्या डॉक्टरने, आपल्या राजूने, तुझ्या घोडीची, मैनाची नाडी मोजली तेव्हा साठ भरली, चौसष्टच्या आत हवी म्हणजे पास. तो डोळे मिटून मोजतो आणि तोवर कुणी हू की चू केलेलं त्याला चालत नाही. मल्हारीकाका पहाटेपासून टँकरने पाण्याच्या टाक्या भरत होते. ओझरच्या विमान कारखान्यात उभी हयात गेली त्यांची, त्यामुळे प्रत्येक टाकीजवळ वेळेचा कागद चिकटवलेला. विठाबाईंनी पिठलं-भाकरी केली होती आणि स्वार जेवत नाहीत म्हणून त्या चिडल्या होत्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी तू तिसऱ्या फेरीला निघालीस, सगळ्यांच्या मागे. मला हात केलास. तेवढा तरी आठवतो का?

माझ्या टेबलापाशी सोळा नंबर आला, मग एकवीस, मग बारा वाजून वीस मिनिटांनी अठरा. अठरावाला म्हणाला, सतरा माझ्या मागेच आहे, पाच मिनिटांत येईल. हे सगळे इथलेच, रोज त्याच वाटेने घोडे फिरवणारे. वाट नवी होती ती तुलाच. मी तुझ्या सतरा नंबरापुढची जागा रिकामी ठेवून पेन हातात धरून बसले. साडेबारा झाले. बारा चाळीस झाले. ऊन असं की टेबलाच्या पत्र्याला हात लागत नव्हता. तुझा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. शर्यत सुटते त्या मैदानावर मी फोन केला आणि सतरा अजून आलेली नाही म्हणून सांगितलं. तिथला फोन सांभाळणाऱ्या दीपकने ते तिथेच सगळ्यांना ओरडून सांगितलं.

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. कुणी कुणाला हुकूम सोडला नाही. मल्हारीकाकांनी टँकर सोडला आणि नुसता ट्रॅक्टर घेऊन शेताच्या कडेने निघाले. राजू औषधांची पिशवी पाठीला लावून मोटारसायकलवर. विठाबाई चूल तशीच टाकून भर उन्हात पाटाच्या कडेने तुला हाका मारत चालल्या, अनवाणी. कुणी तुझ्या नात्याचं नव्हतं गं. मला मात्र जागेवरून उठता येत नव्हतं, कारण तू दुसऱ्या बाजूने आलीस तर नोंद कोण करणार? मी तिथे बसून रडत होते आणि घड्याळ बघत होते.

दीपक विहिरीच्या वळणावर पोचला तेव्हा तिथे झेंडा जमिनीत रोवलेला होता आणि चिमणाबाई नव्हती. तेच सगळ्यांनी धरून ठेवलं. बाई जागा सोडून गेली, म्हणून तेजल चुकली. पण ती गेली कुठे होती? तिने तुला नीट डावीकडे पाठवलं होतं. मग काही वेळाने तिला बागेच्या बाजूने घोडी ओरडलेली ऐकू आली. आम्ही सगळे फोन कानाला लावून होतो, ती एकटी कान देऊन उभी होती. ती धावत गेली तर मैनाचा पाय द्राक्षाच्या तारेत अडकलेला, घोडी झटके देतेय आणि तू तिच्या खुरांपासून हातभर अंतरावर पडलेली. दुसरं कुणी असतं तर तुला ओढायला गेलं असतं आणि लाथ खाल्ली असती. चिमणाबाई ओळीच्या टोकाला पळाली आणि तिने तारेचा ताण सोडला. रोजचं काम तिचं ते. तार सैल पडली, मैना उभी राहिली, मग ही तुझ्यापाशी आली. दीपक पोचला तेव्हा तुझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि तिच्या हातात घोडीचा लगाम. राजू म्हणतो, अजून दहा मिनिटं गेली असती तर घोडी तुझ्यावरच कोसळली असती.

संध्याकाळी समितीची माणसं बसली. विहिरीच्या पुढच्या फाट्यापर्यंतच वाट तपासून आले होते. फाट्यावर रिबीनच नाही म्हणाले, शेळ्यांनी खाल्ली असेल, पण वळणावर बाई असती तर तिने पुढचा फाटा सांगितला असता. चिमणाबाई एकदाच बोलली, ‘मी जागा सोडली नाय. घोडी वरडली म्हनून गेले.’ कुणी ऐकलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चहाच्या कपात पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला सांगितलं की आता यायचं काम नाही, आणि ती पेठच्या गाडीत बसून गेली. अजून निम्मी तोडणी बाकी होती.

तेजल, आता पुढचं वाच आणि मग मला काय बोलायचं ते बोल. आदल्या दिवशी बांधता बांधता गुलाबी रिबिनी संपल्या. दोन किलोमीटर वाट उरली होती. गावात जाऊन नवीन बंडल आणायचा मला कंटाळा आला. आमच्या शेडमध्ये पाखरं हाकलायची चमकती रिबीन पडलेली होती, एका अंगाला लाल, एका अंगाला चंदेरी. तीच फाट्यावरच्या बाभळीला बांधली आणि पुढेही तीच. तुम्हा स्वारांना सांगितलेलं, जिकडे रिबीन तिकडे वाट. फाट्याच्या दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची अख्खी बाग त्याच रिबिनींनी चमकत होती. आम्हाला ती रोज पाहून पाहून दिसेनाशी झालीय. तुला ती दिसली आणि तू तिकडे वळलीस. पुढच्या रिबिनी मी संध्याकाळी काढून टाकल्या, वाट साफ करायचं काम माझंच होतं म्हणून कुणी विचारलंही नाही. पण बाभळीवरची मी काढलेली नाही. तुझी रुग्णवाहिका गेल्यावर चिमणाबाई माझ्या टेबलाशी आली आणि तिने ती माझ्या मुठीत ठेवली. म्हणाली, ‘ताई, ही तुमच्या शेडातली. कुनाच्या नजरंला पडायच्या आत सोडून आनली.’ मी ती घेतली आणि पर्समध्ये ठेवली. आज समितीला सगळं लेखी दिलंय, आणि उद्या सकाळच्या गाडीने पेठला निघालेय, रविवारच्या जेवणाला ती येईल की नाही ते माहीत नाही. यादी सोबत जोडली आहे. पहिलं नाव चिमणाबाईचं आहे. माझं नाव त्यात नाही.

तू मैत्री तोडलीस तरी तुझीच,
स्नेहा