थंडीला दोन नावं कशाला

नाना, तुम्ही एकदा मला एक प्रश्न विचारला होता आणि मी तो उडवून लावला होता. सुरतेजवळ उधन्याच्या चाळीतली आपली खोली, तुम्ही भिंतीला टेकून बसलेले, बशीत चहा ओतता ओतता एकदम म्हणालात, "पोरी, चिलिंग म्हणजे काय गं?" मी आठवीत होते. इंग्रजी नुकतं कुठे जमायला लागलं होतं, त्यामुळे तोरा भारी. म्हटलं, "थंड करणं." तुम्ही माझ्याकडे जरा तिरकं बघितलंत. "थंडीला तर कोल्ड म्हणतात ना? परवा तूच घोकत होतीस. मग हे दुसरं नाव कशाला?" मी म्हटलं, असतात दोन-दोन शब्द, त्यात काय एवढं. तर तुम्ही लगेच, "एका वस्तूला दोन नावं म्हणजे एकात पाणी आहे." आणि बशी उपडी करून उठलात.

आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मी इंग्रजी शिकवून निवृत्तही झाले, आणि अजून कुठलाही शब्द समोर आला की आधी त्याचं झाकण उघडून वास घ्यावासा वाटतो. ही खोड तुमची. तुमचं कामच ते होतं. डेअरीच्या डॉकवर गावोगावचे दुधाचे कॅन उतरायचे आणि तुम्ही एकेकाचं झाकण उचलून नाकाशी धरायचात. डोळे मिटून एक श्वास, की "पास" नाहीतर "बाद". मी तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा शाळेची पिशवी पोटाशी धरून ते बघत उभी राहायचे. मला तुमच्यापेक्षा त्या दूधवाल्यांची तोंडं बघायला आवडायचं. तुम्ही डोळे मिटलेत की भल्याभल्या मिशीवाल्यांचा श्वास अडकायचा. तुमच्या कपाळाकडे बघत ते नुसते उभे असायचे.

असा माणूस घरी आला की घराची काय गत! माठातलं पाणी, डाळीचा डबा, गावाहून आलेलं लोणचं, माझी वेणीसुद्धा, सगळ्याचा वास घेऊन व्हायचा. खिचडी जराशी लागली की तुम्ही दारातूनच ओरडायचात. माय वैतागून म्हणायची, "देवनी यास्ले नाक नही, पोलीस दिधा शे." आपण घरात अहिराणीच बोलायचो, पण इथे लिहिताना माझी शाळेची मराठी मध्ये मध्ये येते, त्याला इलाज नाही. तुमचा आवाज मात्र मला अजून अहिराणीतच ऐकू येतो.

मग त्या उन्हाळ्यात डेअरीतला अमोनियाचा पाइप फुटला. दूध थंड करणाऱ्या यंत्रातला तो गॅस. तुम्ही तोंडावर ओला टॉवेल धरून घरी आलात, डोळे सुजून बटाट्यासारखे झालेले. मायने थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. सूज उतरली, तुम्ही कामावर गेलात, आणि आम्हाला वाटलं, संपलं. पण महिना-दोन महिन्यांत तुम्ही आपण होऊन साहेबाकडे गेलात आणि म्हणालात, मला डॉकवरून काढा, आत चिलिंगला टाका. हे कळलं तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोट घातलं. डॉक म्हणजे मान होता. आत शीतघरात काय, तर लोकरी टोपी घालून दुधाचे क्रेट ओढायचे आणि बाहेर आलं की सुरतेच्या उकाड्यात घामाने निथळायचं. असल्या कामासाठी कोण हात पसरतो? मला तो प्रश्न विचारलात तो त्याच आठवड्यात.

चाळीला उत्तर सापडायला वेळ लागला नाही. नळावर मी हंडा लावला तर शेजारची गुजराती काकी हसून म्हणाली, "तारा बापने तो बरफमां बेसाड्यो!" तिच्या मागे उभी असलेली आपल्याच खानदेशातली बाई म्हणाली, दूधवाल्यांशी साटंलोटं होतं त्याचं, आंबलेलं दूध पास करायचा, साहेबाने पकडला म्हणून आत कोंडला. मी हंडा अर्धा भरून तशीच निघाले. रस्ताभर रागाने रडत होते, आणि नाना, खरं सांगते, राग त्या बाईचा कमी आणि तुमचा जास्त होता. कारण मला ते पटलं होतं. साधा माणूस मान सोडून थंडीत जाऊन बसत नाही. काहीतरी असल्याशिवाय नाही.

आणि तुमचं वागणंही तसंच झालं होतं. तुम्ही घरात कशाचाच वास घेईनासे झालात. माठ नाही, लोणचं नाही, माझी वेणी नाही. मायची खिचडी करपली, तुम्ही जेवलात. दुसऱ्यांदा करपली, तरी जेवलात. एकदा तर तिने स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलं आणि हात न धुताच चहा केला. तो चहा मी तोंडाला लावून खाली ठेवला आणि तुम्ही शांतपणे भुरके मारत संपवलात. मी मायकडे बघितलं. ती तुमच्याकडे बघत होती, पदर तोंडाशी धरून. मला वाटलं, ती रडते आहे. मला वाटलं, हिलाही संशय आहे, हा माणूस बाहेर कुठेतरी जेवून येतो आणि घरचं अन्न त्याच्या लेखी माती झालं आहे. तुम्ही दोघं बोलायचातही कमी. शाळेत मोठी डिक्शनरी होती. तिच्यात मी तुमचा शब्द काढला. चिल: तापात भरणारी हुडहुडी. आणि खाली दुसरा अर्थ होता, माणसामाणसांतला थंडपणा, आपुलकी नसणं. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. म्हटलं, हा तर आपल्या खोलीत येऊन बसला आहे.

शेवटी एका रविवारी मी विचारलंच. तुम्ही दारात बसून ती लोकरी टोपी झटकत होतात. म्हटलं, "नाना, तुम्ही खराब दूध पास केलं का?" माय आत भांडी घासत होती, ती थांबली. तुम्ही चिडाल, हात उगाराल असं वाटलं होतं. तुम्ही टोपीच्या लोकरीचा एक धागा उपटून काढलात, फुंकलात, आणि म्हणालात, "तुले काय वाटस?" उत्तराची वाट तुम्ही बघितली नाहीत, टोपी खुंटीला लावली आणि बाहेर गेलात.

पुढची सगळी वर्षं तो प्रश्न आपल्यामध्ये तसाच पडून राहिला. सत्तरचं दशक संपायच्या आत तुम्ही गेलात, छातीच्या दुखण्याने. डेअरीतले चार जण आले होते. मी त्यांच्या तोंडांकडे बघत होते, कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसतं का. बाप समोर पडलेला आणि मी लोकांचे चेहरे तपासते आहे! तुमचीच मुलगी, दुसरं काय.

माय त्यानंतर बरीच जगली. तिला सांभाळता सांभाळता एकदा माझा तोल गेला. कशावरून तरी ती म्हणाली, तुझ्या बापासारखा सरळ माणूस नाही. मी म्हटलं, "सरळ होते तर डॉकवरून का काढलं?" ती हसायलाच लागली. "आवं येडी, तुना बापनं नाक गयथं." त्या गॅसने तुमचं नाक गेलं होतं. वासच येत नव्हता, कशाचाच. तिने खिचडी मुद्दाम करपवली होती. रॉकेलचा चहाही मुद्दाम. तुम्ही सांगत नव्हतात म्हणून ती तपासत होती, आणि त्या चहानंतर तिची खात्री पटली. म्हटलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, कोणाला सांगायचं? चाळीत भिंतींना कान. नाक गेलेला माणूस डेअरीत कशाला ठेवतील? तुझे नाना लेकरांच्या पोटात जाणारं दूध आंधळेपणाने पास करायला तयार नव्हते, आणि आपल्याला गावी परत न्यायलाही तयार नव्हते, तुझी शाळा होती. मग आत जागा मागून घेतली. लोक चोर म्हणाले, म्हणू दिलं. चोर म्हटलं तर नोकरी राहत होती, खरं सांगितलं तर जात होती.

मी म्हटलं, मला तरी सांगायचं. ती म्हणाली, "तू तर नळावर जाशी."

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. निवृत्तीनंतर एका जाड कोशात मी तो शब्द मुळापासून वाचला. नाना, चिल हा शब्द जुना. फार पूर्वी इंग्रजीत थंडीला सरळ चिलच म्हणत. कोल्ड तेव्हाही होता, पण तो 'थंड' या अर्थी, विशेषणाच्या कामाला. हळूहळू कोल्डने त्याची जागा घेतली आणि चिल कुठे गेला पत्ताच नाही, दोनेकशे वर्षं तो लिहिण्यात जवळजवळ दिसतच नाही. मग परत आला, पण लहानसहान कामांवर. तापातली हुडहुडी, हवेतला गारठा, माणसाचं तुटक वागणं. आता तर माझा नातू म्हणतो, "आजी, चिल कर," म्हणजे डोकं शांत ठेव. मी त्याच्याकडे संशयाने बघते, तो हसतो. आणि गंमत म्हणजे चिल आणि कोल्ड एकाच मुळाचे, सख्खे म्हणा. लग्नातल्या पंगतीत थरथरणारी ती जेलीसुद्धा त्यांचीच लांबची नातलग. तेव्हा एकातही पाणी नाही. दोन्ही पास.

पण मायची गोष्ट? ती पास करायची का? हा किडा काही मला सोडत नव्हता. सांगणारी ती एकटी. नवऱ्याचं नाव झाकायला बायका काय काय रचतात, मी का बघितलेलं नाही? डेअरीत विचारावं तर तिथलं कोणी उरलेलं नाही. कितीतरी दिवस मी ती गोष्ट नाकाशी धरून उभी होते आणि ना हो म्हणवत होतं, ना नाही.

मग काल कपाट आवरताना मला केसांच्या तेलाची एक बाटली आठवली. मी मॅट्रिक पास झाले त्या दिवशी तुम्ही कामावरून थेट स्टेशनजवळच्या बाजारात गेलात. घरी आलात तेव्हा डोक्यावर टोपी तशीच होती, घामाने ओली. पिशवीतून बाटली काढलीत. बूच उघडलंत, आधी स्वतःच्या नाकाशी धरलंत, डोकं मागे करून डोळे मिटलेत, अगदी डॉकवर मिटायचात तसेच, आणि म्हणालात, "वा! चमेली." मग बाटली माझ्यापुढे केलीत.

तेल खवट झालं होतं. मला वाटलं, पोरीसाठी काय, फुटपाथवरचं कसलंही चालतं. माय भाकरी थापत होती, ती वळली, तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात. श्वास रोखून. ती नजर मला ओळखीची होती, पिशवी पोटाशी धरून मी ती डॉकवर कितीदा पाहिली होती, पण तुमच्या चेहऱ्यावर ती कशी, हे मला तेव्हा कळलं नाही.

मी म्हटलं, "छान आहे, नाना."

ते तेल मी बाटली संपेपर्यंत लावलं. तेव्हा मनात तुमच्याविषयी एवढं किल्मिष होतं, तरी का लावलं, मला सांगता येणार नाही. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलीने जागा बदलली, मी बदलू दिली. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून एवढं इथेच लिहून ठेवते. खराब माल मी जन्मात एकदाच पास केला, नाना. तो तुमचा होता.