विळी कायद्यात बसवल्याबाबत

प्रति,
माननीय चौकी प्रभारी साहेब,
पोलीस चौकी, जुना नाका,
तहसील सौंसर, जिल्हा पांढुर्णा

विषय : माझे पती गुन्हेगार नाहीत, हे त्यांना स्वतःला समजावून सांगण्याबाबत.
संदर्भ : दसऱ्याच्या बंदोबस्तात बसमध्ये झालेली झडती.

महोदय,

जय भीम. आपल्या मध्य प्रदेशात अर्ज हिंदीत द्यायचा असतो हे मला ठाऊक आहे. पण रागात हिंदी लिहिली की माझ्या मात्रा चुकतात, आणि आपण पांढुर्ण्याचेच, मराठी समजता, असे कळले.

१. माझे पती उत्तमराव वीज खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले. वादळात खांबावर चढणारा माणूस, पण वर्दी पाहिली की बोबडी वळते. मुलगा सागर याने त्यांना पुण्याहून मल्टीटूल आणून दिले. त्यात पक्कड, पेचकस आणि बोटाएवढे पाते असते. पाते उघडले की लॉक होते. संत्र्याच्या बागांतल्या मोटारी दुरुस्त करायला ते फार कामी येत होते.

२. सदर बसमध्ये आपले हवालदार रवींद्रजी यांनी ते उघडून पाहिले. खट् वाजले. हा खटकेदार चाकू आहे असे म्हणून त्यांनी यांना खाली उतरवले व चौकीच्या बाकावर बसवले. नंतर समज देऊन सोडले, टूलही परत दिले. लॉक काढून घ्या काकाजी, एवढेच म्हणाले. हवालदारांबद्दल माझी तक्रार नाही. यांनीच सुतावरून स्वर्ग गाठला.

३. घरी येताच यांनी कानशीने लॉक घासून टाकले. दुसऱ्या दिवशी वायर सोलताना पाते मिटून बोटावर बसले. रक्त पुसत म्हणतात, सुमन, लॉक याच्यासाठीच असते वो! आणि पुन्हा घासायला बसले. पाते आखूड केले, टोक गोल केले, धार मारून टाकली. आता त्याने दुधावरची सायही कापली जात नाही.

४. इथपर्यंत मी काही बोलले नाही. रिटायर माणूस कामात गुंतलेला बरा. परंतु नंतर त्यांची नजर माझ्या विळीवर गेली. विळी घडीची आहे, पाते उभे केले की घट्ट बसते. म्हणजे ही बी लॉकवालीच, असा निर्णय झाला व तिचा खिळा काढण्यात आला. मी म्हटले, काय करून राहिले तुम्ही? म्हणाले, कायद्यात बसवून राहिलो. आता कोहळं कापायला घेतले की पाते मान टाकते. घरात रोज डाळ शिजून राहिली आहे.

५. बटणाची छत्री उघडताना खट् वाजते म्हणून ती सुतळीने बांधून ठेवली आहे. शेजारचे श्रावणभाऊ सोयाबीन कापायला निघाले, तर यांनी रस्त्यात अडवून त्यांच्या विळ्याला फूटपट्टी लावली. श्रावणभाऊ आता नाल्याकडून जातात. गाव हसते. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

६. पण साहेब, आता हसू येत नाही. हे बाकावर बसले होते तेव्हा बसमधले सगळे खिडकीतून पाहत होते. अर्धे आमच्या रामाकोन्याचे होते. तेव्हापासून हे बसमध्ये चढले नाहीत. बागवाले मोटारीसाठी बोलवायला येतात, तर घरी नाहीत म्हणून सांगायला लावतात. ज्यांनी कधी कोणाची काडी उचलली नाही, ते चोरासारखे आतल्या खोलीत बसून असतात. माझा जीव तुटतो.

७. सबब विनंती अशी की, मला टूलचा परवाना नको आणि विळीची भरपाईही नको. हवालदार रवींद्रजींना एकदा आमच्या घरी पाठवावे. वर्दीत पाठवावे. चहा मी अंगणात देईन. त्यांनी यांना सर्वांदेखत फक्त नमस्कार करावा. मान चारचौघांत गेला, तर तो चारचौघांतच परत मिळावा. मी सतरांदा समजावून पाहिले, पण बायकोचे म्हणणे यांना सरकारी वाटत नाही.

आपली, अजून तरी नम्र,
सौ. सुमन उत्तम सोमकुवर
रामाकोना
दि. २७ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) मल्टीटूलचे घासून उरलेले पाते.
२) विळीचा खिळा. (पाहून परत करावा.)

ता. क. हवालदारांना जीपने पाठवू नये, पायी पाठवावे. जीप दारात थांबली तर हे मागच्या दाराने निघून जातील, आणि मग त्यांना शोधायलाही मला आपल्याकडेच अर्ज करावा लागेल.