हिरव्या दोऱ्याची माळ

दिनांक १७, शुक्रवार, दुपार

ताई,

आधी पाया पडतो, मग बोलतो. मी खुशाल आहे. दाजींचा गुडघा आणि तुझी चिडचिड दोन्ही उतरणीला असतील असं धरून चालतो. खोली बरी आहे. खाली शिलाई मशिनी दुरुस्त करतात, त्यामुळे दिवसभर खडखड.

चांगली बातमी आधी. परवापासून वर्ग माझ्याकडे आला. फळा, खडू, पंधरा बाया आणि मी. कालपर्यंत "ओ गाडीवाले" म्हणणाऱ्या आता "सर" म्हणतात.

निघताना तू म्हणालीस, "फुकट राबायला परत कशाला मरतोस तिकडे परदेशात?" मी म्हटलं, सेवा. ते अर्धंच खरं होतं. गेल्या खेपेला मी आरोग्य केंद्राच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. गाडी चालवता चालवता बायांना मुलांची दुखणी ओळखायला शिकवायलाही लागलो, तेव्हा इथल्या नर्सबाई म्हणाल्या होत्या, तुझ्यासारखं कुणी समजावत नाही. सहावीत शाळेला रामराम ठोकलेल्या माणसाला असं कुणी म्हणालं तर तो परत येणारच. तेच पुन्हा ऐकायला आलो.

आलो, तर फळ्यापुढे सुतार!

गेल्या खेपेला हा माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा. श्वास मोजायची माळ मीच शिकवली त्याला. तुला सांगतो कशी असते. आजारी मुलाच्या एका श्वासाला एक मणी सरकवायचा. वाळूच्या घड्याळातली मिनिटभराची वाळू संपायच्या आत पांढरे मणी संपून लाल लागला, तर छातीत बिघाड, उचला आणि दवाखान्यात न्या. लिहिता-वाचता येत नसलं तरी जमतं. पिवळ्या दोऱ्याची माळ वर्षाच्या आतल्या बाळांची, तिला पांढरे पन्नास. हिरव्या दोऱ्याची मोठ्या मुलांची, तिला चाळीसच.

आता हा लाकडाचे गुळगुळीत मणी घडवून माळा करतो. बाया हातात घेऊन गालाला लावून बघतात. माझाच विनोद माझ्यासमोर मारला, आणि मला कधी मिळाला नव्हता एवढा हशा. मला मागून खुर्च्या आणायला सांगितल्या. वर्गातली एक भाजीवाली म्हणाली, "गाडीवाले, आज हॉर्न नाही वाजवणार?" सगळ्या खिदळल्या. तोही हसला, आणि वर मला चहा आणून दिला. ताई, माणूस वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

सोमवारी नव्या माळांना गाठी मारायचं काम माझ्याकडे होतं. एक हिरवी माळ बोटांना लांब लागली. दोनदा मोजली. पांढरे पन्नास. त्याच्या हातून दहा जास्त ओवले गेले होते.

मी गाठ मारून ती बाकीच्यांत ठेवली.

बुधवारी डॉक्टर तपासायला येणार होते. म्हटलं, सगळ्यांदेखत माळ उचलायची आणि विचारायचं, "का हो सर, हे काय?" वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं. पण सोमवारीच संध्याकाळी भाजीवालीने सरावाला म्हणून नेमकी तीच माळ उचलली. तिच्या पिशवीत जाताना मी पाहिली. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. मी खुर्च्या रचत राहिलो.

तिच्या शेजारणीची मुलगी, दोन वर्षांची, तापलेली. भाजीवालीने त्याच रात्री तिचे श्वास मोजले. शेहेचाळीस. लाल लागला नाही, म्हणून म्हणाली, घरीच असू दे. मंगळवारी दुपारी पोरीचे ओठ निळे पडले. दवाखान्यात नळी लावली. आज दूध प्यायली. ती वाचली हे आधी वाच, मग मला काय म्हणायचं ते म्हण.

बुधवारी डॉक्टरांनी माळ मोजली. सुतार पायरीवर बसून तेच मणी पुन्हा पुन्हा मोजत होता. मग वर्गाची किल्ली नर्सबाईंसमोर ठेवली आणि मला म्हणाला, "तू नीट शिकवलं होतंस. चुकलो मी." नर्सबाई म्हणाल्या, "तू फळ्यापुढे असतास तर हे झालं नसतं."

बघ, हवं ते सगळं मिळालं. काल दिवसभर शिकवलं. भाजीवाली माळेला हातही लावेना. पहिल्या बाकावर बसून नुसती स्वतःच्या बोटांकडे बघत होती.

आज सकाळी मी नर्सबाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. पुन्हा विचारलं, "सोमवारीच माहीत होतं?" मी मान हलवली. म्हणाल्या, "हे मला सांगून भागणार नाही. त्याला बोलावते. त्याच्यासमोर सांग, भाजीवालीसमोर सांग, आणि त्या पोरीच्या आईसमोर." मला इथे ठेवायचं की नाही ते नंतर ठरवणार आहेत.

तू गल्लीभर सांगत सुटतेस ना, माझा भाऊ परदेशात लोकांचे जीव वाचवतो म्हणून? ते आता सांगू नकोस. कुणी विचारलंच तर म्हण, तिकडे आहे, बरा आहे.

बाहेर सायकल लागली. सुतार आलाय. शीळ घालतोय, त्याला वाटतंय मदतीला बोलावलंय.

जातो.

तुला तोंड दाखवायची भीती वाटणारा,
तुझा धाकटा