कापणीच्या सणाला स्पंज आयर्न

बीरगांव, रायपूर
शुक्रवार, कापणीच्या सणानंतरचा

तीर्थस्वरूप यशवंतमामांस,

परागचा प्रभूमध्ये सलाम. मामींनाही सलाम. तुमचे गुडघे या थंडीत कसे आहेत ते कळवा. अमरावतीच्या डॉक्टरने जिने चढू नका असं सांगितलं आणि तुम्ही चर्चच्या घंटेचा जिना रोज चढता, हे आईला कुणीतरी फोनवर सांगितलं आहे, त्यामुळे ते लपवण्यात आता अर्थ नाही. तुमची शांता, म्हणजे आमची आई, खुशाल आहे. माझ्यावर चिडलेली आहे, पण चिडलेली असली की तिची तब्येत छान राहते.

मामा, पहिल्यांदाच सांगून ठेवतो की या पत्रात मागणं काही नाही. माझं पत्र आलं की तुम्ही चष्मा लावण्याआधी मामींना विचारता, ‘काय मागतलं याने आता?’ हे मला माहीत आहे. यावेळी तसं नाही. हे पत्र निव्वळ उपकारस्तुतीचं, धन्यवादाचं आहे. ते काहून, ते सांगतो, जरा लांबून सांगतो.

आमच्या मंडळीत श्यामराव साळवे म्हणून एक वडील, म्हणजे कारभार पाहणारे पंच, आहेत. (मूळचे वर्ध्याचे, रेल्वेतून रिटायर. आयुष्यभर गाड्यांची वेळ पाहिल्यामुळे प्रार्थनेतही घड्याळ पाहतात.) त्यांची मुलगी रूपाली समता कॉलोनीच्या एका दवाखान्यात नर्स आहे. मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. दोन वर्षांपासून माझं मन तिच्यात आहे हे सगळ्या मंडळीला माहीत होतं, फक्त श्यामरावांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून ऑगस्टमध्ये मीच जाऊन सांगितलं. एकट्यानेच गेलो. आई म्हणाली, थांब, कुणी मोठं माणूस घेऊन जाऊ. मला थांबता येत असतं तर मी बी.एस्सी. पूर्ण केली नसती काय? (त्या प्रॅक्टिकलच्या सरांशी झालेल्या भांडणात चूक त्यांची होती, हे मी आजही म्हणतो. फुटलेली नळी माझी होती, एवढंच.)

श्यामरावांनी सगळं ऐकलं. चहा दिला. मग म्हणाले, “पोरा, तीन वर्षं झाले तुले पाहून राहिलो. दर बुधवारच्या सभेत तू उठते अन् मागते. नोकरी दे, गाडी दे, सुपरवायझरची बदली कर. मिळालं की धन्यवाद द्यायले कधी उठला काय? जो देवाले धन्यवाद देत नाही, तो माझ्या पोरीच्या हातच्या भाजीले काय देईन?” आणि अट घातली. कापणीच्या सणाच्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची, देवाचे आभार मानायचे, आणि त्यात मागणं एकही नको. मग पाहू.

मी तापलो. चहा अर्धा सोडून आलो. (त्याबद्दलही धन्यवाद दिला नाही, हे नंतर लक्षात आलं.) बीरगांवपर्यंत गाडीवर स्वतःशीच भांडत आलो की धन्यवाद कशाचा द्यावा माणसाने? बाबा गेले, कॉलेज सुटलं. शहर राजधानी झालं, इकडे मंत्र्यांसाठी रस्ते रुंद झाले आणि आमच्या अरुंद गल्लीत पाण्याचा टँकर काही शिरत नाही. तरी त्या दिवशी ठरवलं, मामा, की करीन. साक्ष देईन आणि अशी देईन की श्यामरावांचं घड्याळ बंद पडेल.

सराव सिलतऱ्याच्या कारखान्यात जाता-येता कंपनीच्या बसमध्ये करायचो. तिथेच कळलं की हे काम स्पंज आयर्नच्या भट्टीपेक्षा अवघड आहे. सुरुवात चांगली व्हायची. हे प्रभू, नोकरीबद्दल धन्यवाद. आणि पुढे तोंडातून आपोआप निघायचं, पण शिफ्ट दिवसाची दे. आईच्या तब्येतीबद्दल धन्यवाद, पण तिचा स्वभाव थोडा मऊ कर. जेवणाबद्दल धन्यवाद, पण रोज कुंदरूची भाजी नको. तीन महिने मी धन्यवाद देत होतो आणि प्रत्येक धन्यवादाच्या शेपटीला एक मागणं लोंबकळत होतं. रूपालीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, “बस धन्यवाद बोलो और बैठ जाओ. ‘पण’ मत लगाना.” बैठ जाओ हेच तर मला जमत नाही. तरीही कागदावर एकतीस धन्यवाद उतरवले आणि प्रत्येकातला ‘पण’ खोडला. कागद चाळणीसारखा झाला.

आता अर्पणाचं ऐका. आमच्याकडे त्या रविवारी प्रत्येक जण आपल्या हातच्या कष्टाचं काहीतरी आणून वेदीसमोर ठेवतो. धान कापलेले लोक धानाच्या पेंढ्या आणतात, कुणी पपई, कुणी भोपळा, पद्मिनीकाकू दरवर्षी लालभाजी. आई म्हणाली, छपरावरच्या वेलाच्या दोन लौक्या, दुधी, घेऊन जा. मी म्हटलं, त्या तुझ्या हातच्या. माझ्या हातचं काय, मी काय पिकवतो? मी स्पंज आयर्न पिकवतो. म्हणजे बोराएवढे काळे खडे असतात, भट्टीत कोळशासोबत भाजून लोखंड होतं ते. थंड होऊन पट्ट्यावरून माल येतो, तिथे उभं राहून मी नमुने घेतो. शेतकरी पहिलं पीक देतो तर कामगाराने का देऊ नये? हा विचार मला इतका आवडला की मी आमच्या फोरमनकडे, हिरालालभैयांकडे गेलो आणि मालाची एक लहान बोरी, पोतंच म्हणा, मागितली. त्यांनी स्वतःच ती भरून दिली. मग म्हणाले, “हव, ले जा. भगवान को लोहा चढ़ाने वाला पहला आदमी देखा. बस गीला मत होने देना.”

या मालाला पाणी लागलं की तो आपोआप तापतो. हे मला हिरालालभैयांनी सांगायची गरज नव्हती. ट्रकवाल्यांना ताडपत्री बांधा म्हणून रोज ओरडणारा मीच आहे. पण रविवारी सकाळी नवीन शर्ट घातला, खिशात एकतीस धन्यवाद ठेवले आणि डोक्यातून कारखाना पार निघून गेला. गाडीवर बोरी पोटाशी धरली होती. ती कोमट लागत होती. मला वाटलं, ही माझ्याच अंगातली धग आहे.

बोरी ठेवून मी चौथ्या रांगेत बसलो. पास्टर साहेबांनी वाकून पाहिलं. धानाच्या पेंढ्यांच्या मध्ये ती काळी बोरी ओकीबोकी दिसते म्हणून पद्मिनीकाकूंनी, बिचारीने चांगल्याच मनाने, तिच्यावर लालभाजीची टोपली मांडली. भाजी ताजी धुतलेली. टोपलीतून पाणी ठिबकत होतं ते मी पाहत होतो आणि मनात सातवा धन्यवाद घोकत होतो.

तिसऱ्या गीताला धूर निघाला. लोकांना वाटलं बाहेर जनरेटर लावला. मग वास आला. पद्मिनीकाकू पहिल्या रांगेतून शांतपणे म्हणाल्या, “अगं बाई, माझी भाजी शिजून राहिली.” आणि खरंच वाफ निघत होती. श्यामराव मंडळीचे वडील असल्यामुळे व्यवस्था त्यांच्याकडे. ते उठले, दारातली बादली उचलली आणि धडाधड बोरीवर ओतली.

मामा, मी ओरडलो. दोनशे माणसांसमोर, ज्यांच्या मुलीसाठी तीन महिने सराव केला त्या माणसाला, चौथ्या रांगेतून, “काका, अक्कल गहाण ठेवली काय? पाणी नका टाकू त्याच्यावर.” ते दुसरी बादली घ्यायला निघाले होते. मी बेंचांवरून उड्या मारत गेलो आणि बोरी छातीशी धरून बाहेर पळालो. दारापर्यंत बोरीचं बूड जळलं, खडे खाली पडले. लहान पोरं बसली होती तिथे, म्हणून ते खडे हातानेच वेचले. आवारात भिंतीच्या कामाची रेती पडली आहे, तिच्यात सगळं गाडलं. मग हातांकडे पाहिलं. फोड आले होते. त्याहून जास्त आग वेगळ्याच ठिकाणी लागली होती, की झालं, संपलं आता, रूपाली गेली.

घरी निघून जाणार होतो. फटफटीला किक मारायला पाय उचललाही. पण ठरवलं होतं की उभा राहीन, तर उभा राहायचंच. आत गेलो. पास्टर साहेब लोकांना शांत करायला साक्षी घेत होते. माझा नंबर आला. कागद खिशात, आणि बोटं काही वाकेनात. एकतीसपैकी एकही आठवला नाही. मी म्हटलं, “प्रभु, इतने लोग बैठे थे, छोटे बच्चे थे, किसी को कुछ नहीं हुआ. धन्यवाद.” पुढे तो ‘पण’ दातांपर्यंत आला होता, की पण माझे हात पाहा, पण माझी काय चूक, पण आता काका काय म्हणतील. दात आवळले आणि बसलो. खरं सांगू मामा, ते वाक्य बोलताना मला सणही आठवत नव्हता, अटही नाही, आणि (हे लिहायला लेखनिकाने नकार दिला होता) रूपालीसुद्धा नाही. दाराजवळची ती पोरंच डोळ्यांसमोर होती.

लेखनिक म्हणजे रूपालीच. दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, म्हणून हे अक्षर तिचं. रोज दवाखाना सुटल्यावर पट्टी बदलायला आमच्या घरी येते, आई चहा टाकते, मी सांगतो आणि ती लिहिते. तिच्यासमोर तिच्याबद्दल सांगणं सोपं नाही, पण मी मागे हटणाऱ्यातला नाही.

तर त्या दिवशी भक्ती संपल्यावर ती मागच्या खोलीत मलम लावत होती आणि श्यामराव येऊन बाजूला बसले. मी म्हटलं, काका, ते अकलेचं. ते म्हणाले, “ते सोड. मालाची गोष्ट तुले माहीत, मले नाही. मी दुसरी बादली टाकली असती. थांबवलंस, त्याबद्दल धन्यवाद.” इतकं सरळ म्हणाले की मला रडू आलं. आणि रडू आवरता आवरता तोंडातून निघून गेलं, “मंग आता रूपालीचं काय?”

त्यांनी घड्याळ पाहिलं. “बावीस मिनिटं टिकला न मागता,” म्हणाले. मग उठताना म्हणाले, “पोट्ट्याने स्वतःसाठी स्वतःच मागावं, ही काही रीत नव्हे. घरचं मोठं माणूस येऊ दे.”

असं झालं सगळं. म्हणून हे पत्र. बाबा गेल्यावर तुम्ही तीन महिने आमच्याकडे येऊन राहिलात, मी कॉलेज सोडलं तेव्हा सगळे बोलले आणि तुम्ही एकटेच गप्प बसलात, मामींनी दर हिवाळ्यात डिंकाचे लाडू पाठवले. यातल्या एकाही गोष्टीला मी कधी धन्यवाद म्हटलं नाही. आता म्हणतो. धन्यवाद, मामा. धन्यवाद, मामी. आणि इथेच बसतो.

तुमचा भाचा,
पराग

ता. क. : मागणं नाही, फक्त माहिती म्हणून कळवतो की घरचं मोठं माणूस म्हणजे तुमच्याशिवाय कुणी नाही. बडनेऱ्याहून रायपूरची गाडी थेट मिळते. स्टेशनवर घ्यायला मी येईन. साळव्यांच्या घराला जिना नाही, मी मोजून आलो. पुढच्या आठवड्यात शनिवारी आलात तर बरं. शुक्रवारी आलात तर फारच बरं.

ता. क. दुसरा : मामाजी, सलाम. मी रूपाली. मराठी लिहिता येते मले, बोलायची फक्त आदत नाही. पराग आता आत चहा घेऊन राहिले, आई कप धरून पाजून राहिल्या, म्हणून हे त्यांना न दाखवता लिहिते. ती अट आमच्या पापांनी घातली नव्हती. पापा ऑगस्टमध्येच हो म्हणाले होते. पोट्टा गरम आहे पण मनाचा साफ आहे, म्हणाले. अट मी घालायला लावली. मले एकदा ऐकायचं होतं की हे माणूस काही मागितल्याशिवाय बोलू शकते की नाही. ऐकलं. तुम्ही नक्की या. फक्त शुक्रवारी नका येऊ, थोडं थांबून या. रविवारपासून रोज पट्टी बदलून राहिली, सहा वेळा झाली. देवाला धन्यवाद मिळाला, पापांना माफी मिळाली, आज तुम्हाला आणि मामींनाही मिळाला. धन्यवादात माझा नंबर अजून आला नाही. मी आठवण करून देणार नाही. ज्या दिवशी येईल, त्या दिवशी मीच तुम्हाला फोन करीन, मग तिकीट काढा.