रिकाम्या पिंजऱ्यावरची पाटी

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, नगरपालिकेची निवृत्त दुभाषी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी दिला आहे. फुप्फुसांबद्दल ते काय म्हणाले, ते विचारू नये.

१. माझे राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या नणंदेला. माझे यजमान वाहतूक पोलीस होते. उभा जन्म घरासमोरच्या मोठ्या चौकात धूर गिळला आणि शेवटी शेवटी बसूनच झोपायचे. तेव्हा त्यांच्या पाठीशी उशा रचणे, ऑक्सिजनची नळी सांभाळणे, सगळे वन्संनी केले. माझ्या धाकट्या भावाने या घरावर डोळा ठेवू नये. तो ठेवील, म्हणून लिहिले.

२. भावाला माझ्या मालमत्तेतले काहीही नाही. कारण लिहिते, म्हणजे कोर्टात गळा काढायला नको. परदेशातल्या एका शहराने हवा सुधारण्यासाठी आमच्या शहराशी करार केला होता. रोपे आणि पैसा त्यांचा, खड्डे आणि निगा आमची. रोपांभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्यांचा ठेका भावाने पटकावला. दर वर्षी त्याच चौकात, त्याच खड्ड्यांत नवी रोपे लागत. हार, फोटो, टाळ्या. पाहुण्यांचे विमान उडाले की पाण्याचा टँकर बंद. आणि या सगळ्या भाषणांचे भाषांतर मी करायचे.

त्या शहराच्या उद्यानप्रमुख बाई दर वर्षी यायच्या. एकदा त्यांनी नुकतेच लावलेले रोप हाताने उपटले. मुळांवर प्लास्टिकची पिशवी तशीच. हे असे का, त्यांनी विचारले. नगराध्यक्ष हसत मला म्हणाले, "सांगा, ही आमची नवी पद्धत आहे. आणि गोड बोलून जेवायला न्या, तिला काय कळतंय."

मी शब्द न् शब्द त्यांच्या भाषेत सांगितला, 'तिला काय कळतंय'सकट. दुभाष्याचे काम तेच असते.

पाहुणीबाई चिडल्या नाहीत. त्यांनी सुरी मागितली. समोरच्या कुलूपवाल्याने आणून दिली. बाकीची मंडळी जेवायला गेली आणि बाई फुटपाथवर मांडी घालून बसल्या. मीही बसले. ड्युटी संपल्यावर यजमान आले, वन्सं घरून पाण्याच्या बादल्या आणू लागल्या. अंधार पडेपर्यंत आम्ही पिशव्या फाडून ती रांग पुन्हा लावली. त्यातली बरीच झाडे जगली. करार मेला, आणि मला जन्मनोंदणीच्या खिडकीत नेऊन बसवले.

करार मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ आला. म्हणाला, "ताई, झाडं काय, परत लावता येतात. माझा ठेका गेला, तो कोण लावणार?" मी त्याला पाणीसुद्धा विचारले नाही.

३. यजमान गेले त्याच महिन्यात भावाने चौकाच्या पलीकडच्या टोकाला एका रिकाम्या पिंजऱ्यावर पाटी ठोकली. यजमानांचे नाव, 'स्मृतिवृक्ष', आणि खाली दुप्पट मोठ्या अक्षरांत स्वतःचे नाव. आत विडीची थोटके आणि एक फाटकी चप्पल. ज्या माणसाला धुराने खाल्ले, त्याच्या नावाने हा उकिरडा. ती पाटी मी पान्याने सोडवून आणली. ती भावाला द्यावी. माझ्याकडून त्याला तेवढेच.

४. माझ्या नावाने कोणीही झाड लावू नये, नगराध्यक्षांनी तर नाहीच. त्यांचा शोकसंदेश आला तर न फोडता परत करावा.

५. बँकेतल्या ठेवीतून पाहुणीबाईंच्या येण्याजाण्याचे तिकीट काढावे. नगरपालिका त्यांना बोलावत नाही. झाडे कशी आहेत, असे त्या मला अजून पत्रातून विचारतात. त्यांनी येऊन स्वतः पाहावीत. उरेल ते वन्संचे. बाईंचा मुक्काम माझ्या खोलीत. वन्संना त्यांची भाषा येत नाही, त्यांना आपली येत नाही, आणि सांगायला मी नसेन. वन्सं विचारत होत्या, कसं व्हायचं? त्यांना एवढेच सांगते: तुम्हा दोघींना एकमेकींपासून काही लपवायचे नाही, तुम्हाला दुभाषी लागत नाही.

या कामाची व्यवस्था डॉक्टरांनी पाहावी. आधीचे मृत्युपत्र नाही. वाचून, समजून सही केली.

सही: (दुभाषी)
साक्षीदार: १. तळमजल्यावरचे डॉक्टर २. समोरचा कुलूपवाला
स्थळ: राहते घर, मागची खोली, खिडक्या बंद करून
दिनांक: ११ मार्च २०२४