दादाच्या वरणातली गोळी

३ नोव्हेंबर
अकोल्याहून आत्ताच आलो. गजूदादाला डोक्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. बाबा म्हणाले, तू तसाही भटकतच राहतो, तूच ने. बाईंनी पेशंट म्हणून आधी माझ्याकडेच पाहिलं. केस कापायला पाहिजेत!
आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, अन् ते खरेच वाटतात. शिवाय दादाला वाटतं, घरचे जेवणात काहीतरी कालवतात. हा भ्रम, बाई म्हणाल्या. रोज एक गोळी, कित्येक महिने, मनानं बंद करायची नाही.
स्टँडवर कचोरी खाल्ली. आपल्या अकोटची बरी.

५ नोव्हेंबर
आरतीवहिनी गोळी देते, दादा थुंकतो. विष म्हणतो.
बाबांनी शेजारीपाजारी सांगून ठेवलं — ॲसिडिटी आहे. रोज कोणी ना कोणी ओवा घेऊन येतं.

८ नोव्हेंबर
आईनं उपाय काढला. गोळी कुटून वरणात. म्हणजे जेवणात काहीतरी कालवतात असं दादा म्हणतो, तो आजार; अन् आई खरंच कालवते, तो इलाज! मी हे बोललो. आई म्हणाली, "तू नको डोकं चालवू. घरात एकाचं बिघडलं तेवढं पुरे."
उद्या वरूडला जातो. संत्र्याच्या ट्रकवर जागा आहे.

१६ नोव्हेंबर
परत आलो तर दादा ओळखू येईना. लाळ गळते, हात ताठ, पाय ओढत चालतो. आई खुशीत — शांत झाला, गुण येऊन राह्यला! तसाच गाडीत घालून अकोल्याला नेला. सगळेच आले.
बाईंनी विचारलं, गोळ्या किती देता? आई म्हणाली, एकच, वरणात. मग आरतीवहिनी हळूच, "मी बी चहात देत होती." बाबा पंख्याकडे पाहत राहिले. ताकात, म्हणाले.
तिघं एकमेकांपासून लपवून! प्रत्येकानं गोळ्यांची वेगळी पत्ती आणलेली. मेडिकलवाल्याला वाटलं असेल, अख्खं घरच आजारी आहे. तसं चुकलाही नाही तो.
दादाला भरती करून घेतलं. बाई म्हणाल्या, यापुढे एकच. त्याच्या हातात, त्याला सांगून.

२० नोव्हेंबर
दादा घरी आला. बाबांचा निकाल — औषधच खराब, बंद! अमरावतीच्या मावशीनं फोनवर बदाम सांगितले.
पत्ती मी माझ्या बॅगेत ठेवली.

२३ नोव्हेंबर
दादा घरचं काहीच खात नाही. फक्त केळी. साल स्वतः काढतो. रिकाम्या खोलीत कोणाशीतरी भांडतो.
शेवटी जवळ बसून सगळं सांगितलं. वरण, चहा, ताक.
हातातलं केळं त्यानं खाली ठेवलं. मग म्हणाला, "मंग मी खोटं बोलत होतो का?"
नाही, म्हटलं. कालवत होते. विष नव्हतं, पण कालवत होते.
उठून गेला.

२४ नोव्हेंबर
सकाळी दादा स्वतः माझ्याकडे आला. हात पुढे केला.
"ते कानात म्हणून राह्यले, घेऊ नको. तू काय म्हणतो?"
घे, म्हटलं, अन् बॅगेतली गोळी त्याच्या हातावर ठेवली.
घेतली. पाणी मात्र स्वतः भरून आणलं.