शांभवीच्या नळीचे हाड आपोआप वळते, त्याबद्दल

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

कोल्हापूर, शुक्रवार

व्याही श्री. अमरेशअण्णा यांना नागाप्पाचा शरणार्थ. आपली शुगर, विहीणबाईंचा खांदा आणि जयसिंगपूरची हवा कशी आहे ते कळवावे. (हवा मी रोज टीव्हीवर पाहतो, पण शांभवीला सर्दी झाली का, ते त्यात सांगत नाहीत.) सूनबाई शिवलीला नातीला, शांभवीला, घेऊन तुमच्याकडे निघून आली, त्याला आज नऊ दिवस झाले. तिने तिची बाजू सांगितली असणारच, म्हणून माझी लिहितो.

शांभवी तीन वर्षांची झाली तरी चालताना पावले आत वळतात. माझी झोप उडाली. शेजारी कोणीतरी म्हणाले, बूट उलटसुलट घाला, पाय सरळ होतात. मी रोज बालवाडीच्या वाटेवर तिला कट्ट्यावर बसवून बूट बदलू लागलो (घरी बदलले असते तर दिसले असते). पण पोरगी अशी, की उलट्या बुटांतही गल्लीतल्या पाच वर्षांच्या संयोगिताला पळण्यात मागे टाकायची. दिवसातून सात वेळा पडायची, रडली एकदाही नाही. हा चिवटपणा आमच्याकडचा. शेवटी बालवाडीच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, "घरच्यांना डावं-उजवं कळत नसेल तर आम्ही शिकवू." शिवलीलाने ती माझ्यासमोर मोठ्याने वाचली. मी गप्प बसायला हवे होते, पण तोंडून गेले, "ही चाल जयसिंगपूरची. आमच्यात असलं न्हाय!" पुढचे आपल्याला ठाऊक आहे.

काल शाहूपुरीत हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पोर जवळ नव्हती, म्हणून ती इथे असताना गेरूत पाय बुडवून कॅलेंडरच्या पाठीवर घेतलेले तिचे ठसे नेले. बाई म्हणाल्या, "आजोबा, पाय कुठायत?" म्हटले, "जयसिंगपूरला." मग त्यांनी समजावले. पोटात असताना पाय दुमडलेले असतात, त्यामुळे गुडघ्याखालचे नळीचे हाड आत पिळलेले येते. पोर चालू लागली की वर्षावर्षाला ते थोडे थोडे बाहेर वळते आणि सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेकांचे ठीक होते. बूट, पट्टे यांचा काही उपयोग नाही. दुखत नसेल, लंगडत नसेल तर काळजी नको, पण एकदा पोरीला दाखवून जा. मला पटेना, तेव्हा मलाच पालथे झोपवून गुडघे वाकवले आणि म्हणाल्या, "बघा, तुमचं किती बाहेर वळलंय." (मला माझे तळवे दिसेनात, पण कंपाउंडरने मान डोलावली.)

अण्णा, कोणी हात न लावता हाड आपले आपण वळते! आपल्या नातीच्या नळीत एवढी अक्कल आहे. ते ठसे मी देवघराशेजारी लावले आहेत. नऊ पावले, एकही डगमगलेले नाही.

आपला,
नागाप्पा

ता. क. : गारगोटीच्या थोरल्या बहिणीला, गंगव्वाला, हे फोनवर सांगितले. ती म्हणाली, "आरं नागा, तूच सात वर्सांचा हुईस्तोवर असा चालत हुतास की! सारखा आपटायचास आणि रडून गल्ली गोळा करायचास." म्हणजे चाल आमचीच निघाली. हे शिवलीलाला मोठ्याने वाचून दाखवावे. मला तिला फोनवर सांगायला जमले नाही.

आणखी ता. क. : रविवारी सकाळच्या एसटीने दोघींना न्यायला येतो. शिवलीला नाही म्हणाली तर तिचा राग उतरेपर्यंत आपल्याकडेच राहीन. माझ्या रोजच्या गोळ्या महिन्याभराच्या बरोबर घेतल्या आहेत, हे आपण तिला नीट समजावून सांगावे.